तातडीचं कलम

३ जुलै

आजही जेवणाचा विचका झाला. भाऊजी खुर्चीत बसले न बसले तोच त्यांनी विधेयकाचं काढलं, आणि डॉक्टरांनी पाण्याचा पेला असा आपटला की आईंच्या ताटात शिंतोडे उडाले. दोघे सख्खे भाऊ. थोरला, म्हणजे माझा नवरा, सर्जन. खाली आमचा दवाखाना, वर घर. धाकटा सत्ताधारी पक्षाचा, सभागृहात निवडून गेलेला, लग्नाच्या फंदात न पडलेला आणि म्हणून दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे. नवऱ्याला मीही सगळ्यांसारखी डॉक्टरच म्हणते. लग्न झाल्यापासून खाली काउंटरवर बसते, त्यामुळे तोंडात तेच बसलं.

विधेयक असं आहे की जिवावर बेतलेला माणूस कुठल्याही दवाखान्याच्या दारात आला तर त्याला नाही म्हणायचं नाही. आधी आत घ्यायचं, पैशाचं मागाहून, आणि ते सरकार देणार. नाही म्हणाल तर परवाना जाईल. भाऊजी म्हणाले, माणूस दारात तडफडतो आणि तुम्ही त्याच्या मुलाला सांगता डिपॉझिट भरून ये, ह्याला डॉक्टरकी म्हणत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मागच्या योजनेचे पैसे अजून आलेले नाहीत, ऑक्सिजनवाला मला उधारीवर देत नाही, तुम्हाला तुमची सरकारी इस्पितळं सुधारता येत नाहीत म्हणून माझ्या घरात घुसता.

दोघांचंही खरं आहे. पण दोघे बोलायला लागले की मला सगळं खोटं ऐकल्यासारखं का वाटतं, कोण जाणे. आईंनी कानातलं यंत्र काढून ताटाशेजारी ठेवलं आणि शांतपणे जेवल्या. ह्या घरात बोलणारे दोन आणि ऐकणारी मी एकटी, म्हणून हे लिहायला घेतलंय.

६ जुलै

डॉक्टरांच्या संघटनेची बैठक आमच्याच खाली झाली. पेशंटांच्या बाकांवर शहरातले सगळे नामांकित दाटीवाटीनं बसले होते. आपल्या बाकाची कड किती टोचते हे डॉक्टरांना आज पहिल्यांदा कळलं असेल. चहा मी आणि सिस्टरनं दिला. सिस्टर म्हणजे आमची जुनी नर्स. ती अशा वेळी तोंडातून अवाक्षर काढत नाही.

सगळ्यात शेवटी सातमजली आले. त्यांच्या इस्पितळाला सात मजले आहेत म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्यांच्या लिफ्टमध्ये संगीत वाजतं. ते म्हणाले, मित्रांनो, लहान दवाखाने जगले पाहिजेत. हेच गृहस्थ गेली दोन वर्षं आमची जागा विकत मागत होते. पण डॉक्टरांनी त्यांच्या हातात हात दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बेमुदत संप ठरला. डॉक्टरांना प्रवक्ता केलं. ‘तुमचा भाऊ तिकडे, तुम्ही इकडे, लोकांना हे भावतं,’ असं सातमजली म्हणाले. भावतं म्हणे. नाटक आहे का?

तरी मी लिहिते ते मनापासून: डॉक्टरांची बाजू बरोबर आहे. असा कायदा आला तर सहा महिन्यांत आम्हाला टाळं लागेल आणि सात मजल्यांचे आठ होतील. संपाच्या पत्रकाचा मजकूर मीच लिहून दिला.

९ जुलै

भाऊजींची चौकात सभा झाली. त्यांनी डॉक्टरांना खाटीक म्हटलं, आमच्या घराच्या खिडकीकडे हात करून. ह्याच माणसाचा हर्निया ह्याच खाटकानं शिवला आणि मी आठवडाभर त्याला पथ्याचं भरवलं. घरी आले तर कसे म्हणतात, ‘वहिनी, ते सभेचं बोलणं असतं, मनावर घ्यायचं नसतं.’ मनावर घ्यायचं नसेल तर बोलायचं कशाला?

त्याहून वाईट वाटलं ते समोरच्या चष्मेवाल्याचं. रस्त्यापलीकडे, आमच्या दारासमोरच त्याचं दुकान. लग्न न झालेला, मोठ्या बहिणीबरोबर राहतो. इतकी वर्षं माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली की पैसे न घेता नीट करून देणारा माणूस. आज त्यानं भाऊजींच्या पक्षाचं पोस्टर आपल्या काचेवर लावलं, बरोब्बर आमच्याकडे तोंड करून. मी गेले विचारायला. तो म्हणाला, ‘वहिनी, डॉक्टरांबद्दल माझं काही नाही, पण हा कायदा झालाच पाहिजे.’ मी म्हटलं, मग आमच्या पोटावर पाय आला तरी चालेल? तो म्हणाला, पोटाचं नंतर बघता येतं, छातीचं बघता येत नाही. जसं काही फार मोठं बोलला. बहीण आतून हसली. मी सरळ निघून आले. ह्यापुढे त्या दुकानाची पायरी चढायची नाही.

१२ जुलै

संप सुरू. शटर अर्धं खाली ओढलंय. आत आहेत त्यांचं आम्ही बघतोच, नवीन कोणाला घ्यायचं नाही असं ठरलंय. अगदीच कोणी गंभीर आलं तर मला हाक मार, असं डॉक्टर सकाळी हळूच म्हणाले. बाहेर बोलू नकोस, संघटना मला फाडून खाईल. मी बरं म्हटलं. दिवसभर ते वर टीव्हीवर स्वतःला बघत होते. टीव्हीत ते बरे दिसतात, हे कबूल करायला हवं.

दिवसभरात दोन-चार जण येऊन शिव्या देऊन गेले. एक धडधाकट माणूस छाती धरून आला, आणि मागे कॅमेरेवाला. मी शटरमागून बघतच राहिले. कॅमेरा बंद झाल्यावर त्याची छाती बरी झाली आणि त्यानं विडी पेटवली. भाऊजींच्या पक्षाचा कार्यकर्ता. किळस येते ह्या लोकांची. आजारपणाचंसुद्धा सोंग.

१३ जुलै

आज फारसं काही नाही. दुपारी चष्मेवाला बहिणीला रिक्षात घालून आला होता. धाप लागली आहे म्हणाला. ठरलं होतं तसं सांगितलं, संप आहे, सरकारी इस्पितळात न्या. गेले.

१४ जुलै

काल अर्धवट लिहिलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा नीट लिहिते.

डॉक्टर वर फोनवरून मुलाखत देत होते, थेट प्रक्षेपण चालू होतं, त्यात हाक कशी मारणार? चष्मेवाला शटरखालून वाकून बोलत होता. त्याच्या खिशाला अजून तो पक्षाचा बिल्ला होता. डॉक्टरांना एकदा बघू तरी द्या म्हणत होता. मी म्हटलं डॉक्टर नाहीत. नाहीतर तो हटला नसता. आदल्या दिवशीचा छातीवाला माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि हाही त्यांच्यातलाच. बहीण रिक्षात ताठ बसली होती, ओरडत वगैरे नव्हती. खरोखर अत्यवस्थ असलेला माणूस असा बसतो का?

शिवाय मी सांगितल्यावर लगेच निघालेही नाहीत. रिक्षा तशीच दारात उभी, इंजिन चालू, आणि बाई मान वर करून आमच्या घराकडे बघतेय. मी मनात म्हटलं, आता येईल कॅमेरेवाला. आला नाही. बऱ्याच वेळानं रिक्षा पुलाच्या दिशेनं गेली.

१५ जुलै

ती बहीण गेली. परवाच, पुलावर, गर्दीत. आज सिस्टरकडून कळलं.

डॉक्टर म्हणाले, कोणाची बहीण? मी सांगितलं. ते म्हणाले, जुनं हृदयाचं दुखणं असणार, इथे आणलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. इथे आणलं होतं हे मी सांगितलं नाही, म्हणजे तसा विषय निघाला नाही.

जेवताना आईंनी मला विचारलं, तुझा चेहरा असा का? तेव्हा मी सांगितलं की दारात आले होते आणि मी परत पाठवलं. डॉक्टरांचा हात ताटातच राहिला. भाऊजींनी घास खाली ठेवला आणि फार हळू आवाजात एकेक विचारलं: कधी, दारात कोण होतं, रिक्षा किती वेळ उभी होती, अजून कोणी बघितलं का. इतक्या मायेनं ह्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं. वाटलं, राजकारणात असला तरी माणूस आतून ओला आहे.

१८ जुलै

भाऊजी सभागृहात बोलले. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. ‘माझ्या शहरातली एक ताई, दवाखान्याच्या बंद दारासमोर, रिक्षात, मान वर करून वाट बघत राहिली.’ मान वर करून, हे माझे शब्द. मग खिशातून रुमाल. रुमाल इस्त्रीचा होता, घडीसुद्धा मोडली नाही. दवाखान्याचं नाव घेतलं नाही. योग्य वेळी घेईन म्हणाले.

डॉक्टर टीव्हीसमोर पांढरेफटक पडले. संध्याकाळी भाऊजी घरी आले आणि दोघे आतल्या खोलीत दार लावून बसले. आधी डॉक्टरांचा आवाज चढला, मग उतरला. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघे गप्प झाले. मी बाहेर आल्यावर पुन्हा कुजबुज, आणि थोड्या वेळानं, मी कानांनी ऐकलं, हसण्याचा आवाज. लहानपणी दोघे एका खोलीत झोपत आणि असेच हसत, असं आई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. मला वाटलं, चला, निदान घरात शांतता येईल.

२१ जुलै

संप मिटला. विधेयक एकमतानं मंजूर. विरोधी पक्षानंसुद्धा हात वर केले.

संध्याकाळी मी कायद्याचा छापील कागद वाचला. सगळं तेच आहे, नाही म्हणायचं नाही, आधी आत घ्यायचं. फक्त एक ओळ नवीन: रुग्णाची स्थिती तातडीची आहे किंवा नाही हे संबंधित रुग्णालय ठरवील. मला वाटलं माझं वाचण्यात चुकलं. डॉक्टरांना विचारलं, मग बदललं काय? दारात आलेल्याला आपण म्हणायचं, तुझं तातडीचं नाही, की झालं? ते म्हणाले, ‘अगं, व्यवहारात सगळ्यांचीच सोय बघावी लागते.’ कायद्यावर देखरेख करायला समिती नेमणार आहेत, तिच्यावर डॉक्टर. भाऊजींना मंत्रिपद मिळेल असं पेपरात आहे. आणि आमच्या दवाखान्याचं नाव आता कोणी घेणार नाही.

दोघांनी मिळून एक मेलेली बाई वाटून घेतली. लिहायला नको, पण दुसरे शब्द सुचत नाहीत.

२४ जुलै

सातमजलींच्या इस्पितळातल्या सभागृहात भाऊजींचा सत्कार झाला. गार हवा, गालिचा, फुलांचे गुच्छ. भाऊजी आणि सातमजली गळ्यात गळे घालून उभे. भाषणात भाऊजींनी नव्या कायद्याला ‘ताईंचा कायदा’ म्हटलं आणि टाळ्या थांबेनात.

चष्मेवाल्याला त्यांनी व्यासपीठावर बसवलं होतं. कोणाचा तरी कोट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत. समोर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसला होता. फोटोसाठी उठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. माणसाचं असं करून टाकलं होतं त्यांनी.

मध्ये मी हात धुवायला गेले तर तो बेसिनपाशी उभा होता. मी चुकवायला बघत होते, पण त्यानं बाजू दिली आणि विचारलं, ‘वहिनी, त्या दिवशी डॉक्टर वर होते का?’

मी म्हटलं, नाही, बैठकीला गेले होते.

त्यानं मान हलवली. म्हणाला, ‘ताईला वाटलं खिडकीत दिसले. म्हणाली, आहेत ते, खाली येतील, थांबूया. म्हणून थांबलो आम्ही.’ मग बाह्या सारख्या करून पुन्हा व्यासपीठाकडे गेला. नाव पुकारत होते.

मी बेसिनमध्ये ओकले. दुपारचं सगळं पडलं. सातमजलींच्या कर्मचाऱ्यानं लगेच येऊन सुगंधी काहीतरी फवारलं आणि मला विचारलं, मॅडम, ॲसिडिटी का?

२७ जुलै

तीन दिवस काही लिहिलं नाही. काउंटरवर बसले की समोरचं दुकान दिसतं. काचेवरचं पोस्टर त्यानं काढलंय, गोंदाचे चौकोन राहिलेत.

ह्या दिवसांत सगळ्यांचा तिरस्कार करून झाला. भाऊजींचा, डॉक्टरांचा, सातमजलींचा, सिस्टरचासुद्धा, ती काही बोलत नाही म्हणून. आज सकाळी दात घासताना लक्षात आलं की डॉक्टरांनी मला हाक मार म्हणून सांगितलं होतं. विसरले होते असं नाही. त्याच्या आजूबाजूनं चालत होते.

दुकान उघडल्यावर गेले. तो भिंग पुसत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं: डॉक्टर वर होते. गंभीर कोणी आलं तर हाक मार, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी हाक मारली नाही. तुमच्या खिशाला बिल्ला होता, मला वाटलं तुम्ही मुद्दाम आलात.

तो बराच वेळ भिंगच पुसत राहिला. मग म्हणाला, ‘मला वाटायचं डॉक्टरांनीच नाही म्हटलं असणार. त्यांचा राग धरणं सोपं होतं, मोठा माणूस. आता तुमचा धरावा लागणार, आणि तुम्ही तर रोज समोर दिसता.’

मी म्हटलं, धरा.

त्यानं विचारलं, हे चार लोकांत बोलाल? मी हो म्हटलं. माफ करा असं म्हणायचं मनात होतं, पण माफी मागायला आल्यासारखं झालं असतं. म्हटलं नाही.

३० जुलै

पेपरात आलं. मी बातमीदाराला सगळं सांगितलं होतं, माझं आधी. त्यानं छापलं ते असं की प्रवक्ते डॉक्टर खिडकीतून बघत राहिले आणि बाई मेली. मला ‘व्यथित पत्नी’ केलंय. फोन करून विचारलं तर म्हणाला, बाई, तुमच्यात बातमी नाही. दुपारी विरोधी पक्षाची माणसं मोठा हार घेऊन चष्मेवाल्याकडे आली. त्यांनीच हात वर करून ते कलम मंजूर केलं होतं, आणि आता म्हणे ताईंना न्याय. त्यानं आतून कडी घातली. हार दाराला अडकवून, फोटो काढून गेले.

भाऊजी धावत आले. मंत्रिपद लांबलंय. ते मला म्हणाले, वहिनी, दोन ओळींचा खुलासा द्या, की त्या दिवसांत तुमची तब्येत बरी नव्हती, तुम्हाला नीट आठवत नाही. मी म्हटलं, मला सगळं आठवतं. ते डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी त्यांना जायला सांगितलं. मग मला विचारलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच:

‘तू हाक का नाही मारलीस?’

‘तुम्ही बोलत होतात.’

‘मग?’

त्यांनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनाही खिडकीचं सांगावं लागलं असतं. खाली रिक्षा दिसली होती का, हे मी विचारणार होते. नाही विचारलं.

२ ऑगस्ट

मला विश्रांतीची गरज आहे असं ठरलंय. माझ्या खुर्चीत आज डॉक्टर स्वतः बसले. भिंतीवर ताईंच्या कायद्याची पाटी लागली आहे, निळ्या अक्षरांत, सरकारी खर्चानं.

दुपारी ते वर आले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे, आणि जेवायला बसले. मी विचारलं, कोणी आलं होतं का. म्हणाले, ‘दोघं येऊन गेले. तातडीचं काही नव्हतं.’ आणि भाजी वाढून घेतली.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. लग्नाच्या वेळी मला त्यांचे हातच आवडले होते. आज तेच हात ताटात फिरताना बघवेनात. मी उठले. आईंनी विचारलं, कुठे? मी जिना उतरले.

खाली सिस्टर होती. तिला विचारलं, ते दोघे कुठल्या बाजूला गेले. तिनं आधी एका बाजूला हात केला, मग दुसऱ्या. मी बाजाराच्या बाजूनं निघाले. बसथांब्यापाशी एक म्हातारा कठड्याला टेकून उभा होता, कपाळावर घाम, ओठ निळसर. मी त्याला विचारलं, आत्ता त्या दवाखान्यातून आलात का? तो घाबरून म्हणाला, नाही नाही, मी काही तक्रार करणार नाही. मी त्याला धरून परत आणलं, खाटेवर घेतलं, सिस्टरनं ऑक्सिजन लावला, आणि मी जिन्यात उभी राहून डॉक्टरांना असं बोलावलं की रस्त्यावरच्या लोकांनी वर बघितलं. ते उष्ट्या हातानं खाली आले. आता तो बरा आहे.

मग मी दुसऱ्या बाजूला गेले. पुलापर्यंत जाऊन आले, आजूबाजूच्या गल्ल्या बघितल्या, औषधांच्या दुकानांत विचारलं. सिस्टरला एवढंच आठवत होतं की तरुण बाई होती, अंगावर पिवळं काहीतरी.

ती सापडली नाही.